पाहुण्या संघाचे बिऱ्हाड

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याच्या हाती एक परिपत्रक पडले. तो भाईंदरला राहतो. वय वर्षे बारा. आणि फुटबॉलच्या पायी त्याने अभ्यासाची जी आबाळ चालविली आहे तिच्याविषयी घरात दोन मते नाहीत. नाशिकला तीन दिवसांचे सामने भरावयाचे होते. प्रवेश-फी, गणवेशाचा रंग, जन्मदाखल्याची प्रत वगैरे नेहमीची कलमे झाल्यावर एक कलम जाड ठशात होते. प्रत्येक खेळाडूने, आणि सोबत येणाऱ्या पालकानेही, आयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलातच उतरले पाहिजे. खोलीचे पैसे आयोजकांकडेच भरले पाहिजेत. कोणी अन्यत्र उतरल्याचे आढळल्यास त्याचा संघ बाद.

आता मौज अशी की, त्या मैदानापासून पायी दहा मिनिटांवर माझ्या बहिणीचे, म्हणजे या मुलाच्या सख्ख्या आत्याचे घर आहे. त्या घरात तो रांगला आहे. तिथे उतरला तर संघ बाद होणार! त्याच हॉटेलला मी निव्वळ खोडी म्हणून दूरध्वनी केला आणि त्याच तारखांना खोलीचे भाडे विचारले. आयोजकांनी सांगितलेला आकडा त्याच्या दीडपट निघाला.

या गोष्टीचा राग आला तो आला. पण राग निवल्यावर कुतूहल जागे झाले. खेळावयास आलेल्या परगावच्या पोराने कोठे निजावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्याचे पैसे कोणी द्यावयाचे? हा प्रश्न आजचा नाही. त्याला चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास धावसंख्येच्या व पदकांच्या तक्त्यांत सापडत नाही म्हणूनच येथे मांडावासा वाटतो.

आपल्याकडे या बाबतीतला मूळ संस्कार लग्नघरचा आहे. वऱ्हाड आले की त्याला जानवसा द्यावयाचा. तो वधूपक्षाने द्यावयाचा. आणि त्याचे भाडे वऱ्हाडाकडून घ्यावे ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही येत नसे. गावोगावच्या हुतुतूच्या व कबड्डीच्या सामन्यांनी हीच रीत उचलली. परगावचे संघ मराठी शाळेच्या वर्गांत किंवा देवळाच्या ओवरीत उतरावयाचे, जेवण मंडळाकडे, आणि मंडळाची ऐपत नसली तर चार-चार गडी घराघरांत वाटून द्यावयाचे. ‘यजमान संघ’ हा शब्द आपण आजही वापरतो. त्यातील यजमान तेव्हा खराखुरा यजमान होता.

कुस्तीत तर निवास हा खेळाचाच एक भाग. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेल्या आश्रयाचे वर्णन करताना लोक खासबागेच्या मैदानाचे नाव घेतात. ते १९१२ साली बांधून झाले, आणि ते आहेही तसेच भव्य. पण माझ्या मते खरे काम तालमींनी केले. खेड्यातला उमदा पोरगा शहरात आला तर खाणार काय आणि निजणार कोठे, या दोन प्रश्नांचे उत्तर म्हणजे तालीम. तो मातीशेजारी निजे, पहाटे तिथेच उठे, आणि त्याचा खुराक दरबाराकडून नाही तर वस्तादाच्या किंवा गावच्या एखाद्या दात्याच्या खर्चाने चाले. महाराजांना ही गोष्ट पुरती उमगली होती, हे त्यांच्या दुसऱ्या कार्यावरूनही दिसते. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला हात दिला आणि पुढे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. नुसती शाळा काढून भागत नाही, शाळेशेजारी निजावयास जागा लागते, हे ओळखणारा राज्यकर्ता विरळा. मैदानाचेही तेच आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच कोल्हापूरच्या मातीतले. १९४८ साली लंडनला जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तेव्हा संस्थान उरले नव्हते. गावाने वर्गणी केली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला या कथेत पदकाहून घर अधिक मोठे दिसते. एका शिक्षकाने आपला निवारा तारण ठेवला, तेव्हा एका विद्यार्थ्याला परदेशात निवारा मिळाला.

परंतु जुन्या आतिथ्याचे गोडवे गाताना हात आखडता घेतलेला बरा. जानवशात पंक्ती असत, आणि पंक्तीला भेद असत. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला अलौकिक डावखुरा गोलंदाज. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्याने शंभरावर बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात, ज्या हिंदू संघासाठी तो सामने जिंकून देई, त्याच संघातले सोबती चहाच्या वेळी तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या मडक्यात चहा मिळे. चेंडू त्याच्या हातून घेण्यास कोणाची हरकत नव्हती. घरोघरी खेळाडू वाटून देण्याच्या प्रेमळ प्रथेत एखाद्या बाळूच्या वाटणीला कोणते घर आले असेल, याचा विचार केला म्हणजे, सगळ्यांना एकाच छपराखाली, एकाच पंगतीत उतरविण्याचा नियम प्रथम कोणाला तरी का सुचला असेल ते ध्यानात येते. सक्ती नेहमीच वाईट हेतूची नसते.

ऑलिंपिकचा इतिहास हेच सांगतो. १९२४ साली पॅरिसला स्टेडियमजवळ लाकडी खोपटी उभारून खेळाडूंची सोय केली गेली. १९३२ साली लॉस एंजेलिसला मंदीने सारे जग गांजलेले; इतक्या दूर संघ येणार कसे, ही आयोजकांना धास्ती. त्यांनी बॉल्डविन टेकड्यांवर पाचशेंवर छोटी घरे बांधली आणि माणशी दिवसाला दोन डॉलरांत निवास व भोजन देऊ केले. (हे पुरुषांपुरते. बायकांना शहरातल्या चॅपमन पार्क हॉटेलात ठेवले होते.) येथे एकत्र निवासाची कल्पना निघाली ती पाहुण्याचा खर्च कमी व्हावा म्हणून, हे विसरता कामा नये. १९४८ साली लंडनला महायुद्धातून नुकत्या उठलेल्या यजमानाला नवे गाव बांधणे परवडणारे नव्हते. त्याने विमानदलाच्या छावण्या आणि महाविद्यालयांची वसतिगृहे मोकळी करून दिली. हेलसिंकीला, जेथे आपले खाशाबा लढले, तेथे दोन गावे झाली. रशिया व त्याच्या गोटातील देश ओटानिएमीला निराळे राहिले, बाकीचे जग निराळे. शीतयुद्ध अंथरुणापर्यंत पोहोचले होते! आणि १९७२ साली म्यूनिकच्या क्रीडाग्रामात शिरून अतिरेक्यांनी अकरा इस्रायली खेळाडू व मार्गदर्शकांचा बळी घेतला, तेव्हापासून खेळाडूंनी कोठे राहावयाचे हा पहारेकऱ्यांच्या अखत्यारीतला विषय झाला.

आपल्या बायकांच्या क्रिकेटची गोष्ट मात्र वेगळीच. १९७३ साली पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ तीनच होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यानंतरची कित्येक वर्षे या मुली आरक्षण नसलेल्या डब्यांतून, वळकट्या पाठीशी बांधून प्रवास करीत आणि शाळांच्या दालनांत, सामाईक न्हाणीघरांच्या आधारावर मुक्काम करीत. त्यांच्यातल्या अनेकींनी हे पुढे सांगितले आहे, आणि गंमत म्हणजे तक्रारीच्या सुरात सांगितलेले नाही. २००६ साली महिला क्रिकेट पुरुषांच्या मंडळाच्या छत्राखाली आले, त्यानंतर पालटलेल्या गोष्टींत मुक्कामाची व्यवस्था ही एक ठळक गोष्ट आहे. शाळेच्या फरशीवर निजून जी पिढी घडली तिचे कौतुक करावे. फरशीचे करू नये.

आता थोडे आमच्या भागाविषयी. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. तिच्या थांब्यांच्या यादीत वसईच्या खाडीतले चिमुकले पाणजू बेट होते, भाईंदर नव्हते. मिठागरांच्या या गावाला कोण उतरणार, असे कंपनीला वाटले असावे. तेथे आज माणसांना उभे राहावयास जागा नाही. १९८५ साली पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या खानेसुमारीत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ साली आठ लाखांवर गेली. महानगरपालिका झाल्याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शालेय क्रीडास्पर्धांत महानगरपालिकेचे क्षेत्र हे जिल्ह्याच्या पातळीवर धरले जाते. म्हणजे येथला मुलगा आपल्या शहरात पहिला आला की थेट विभागाला, आणि तिथून राज्याला. दोन पायऱ्या चढला की घराबाहेर मुक्कामाची वेळ येते.

पश्चिम रेल्वेच्या या रुळांवर मुक्कामाच्या प्रश्नाने कितीतरी खेळाडूंची दैवे फिरविली आहेत. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर लहानपणी लोकलने मैदाने गाठी. २००६ च्या सुमारास बोरिवलीच्या शाळेतले प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेला तो पडला. रोजचा तासन्‌तासांचा प्रवास करून गोलंदाज होणे नाही, हे त्यांनी ओळखले आणि मुलाला सरळ आपल्या घरी राहावयास आणले. विरारचा पृथ्वी शॉ वडिलांचा हात धरून पहाटेच्या गाडीने वांद्र्याला जाई; पुढे एका लोकप्रतिनिधीने वाकोल्याला घर दिले तेव्हा त्याची पहाट जरा उशिरा उजाडू लागली. त्याने २०१३ साली हॅरिस ढालीत ५४६ धावा काढल्या त्या सर्वांना ठाऊक आहेत. आणि साहित्य सहवासातला सचिन तेंडुलकर? शारदाश्रम शाळा आणि शिवाजी पार्क यांच्या दगदगीतून त्याची सुटका केली ती काका-काकूंच्या घराने. तेथे तो काही वर्षे राहिला. उत्तर प्रदेशातून आलेल्या यशस्वी जयस्वालला असे घर नव्हते. आझाद मैदानावरच्या एका क्लबच्या तंबूत माळ्यांच्या सोबतीने तो दिवस काढीत होता, आणि अखेर त्यालाही एका प्रशिक्षकानेच घरी नेले.

काका-काकू, गुरुजी, प्राचार्य, तालमीचा वस्ताद. आपल्या क्रीडेतिहासातून ही माणसे वगळली तर शिल्लक फार थोडे राहील. आणि नेमक्या याच माणसांना ते परिपत्रक नियमबाह्य ठरविते.

या कलमाचे माहेर अमेरिकेत आहे. तेथे त्याला ‘स्टे टु प्ले’ म्हणतात. म्हणजे राहाल तर खेळाल. गेल्या तीसेक वर्षांत तिकडे मुलांच्या खेळांचा मोठा धंदा झाला. १९९७ साली फ्लॉरिडात डिस्नेने आपल्या मनोरंजननगरीच्या शेजारीच विस्तीर्ण क्रीडासंकुल उघडले. मुलगा सामना खेळेल, बाकी कुटुंब सहल करील. लहानमोठी गावेही मैदाने बांधू लागली आणि त्या कर्जाचे समर्थन हॉटेलांत किती खोल्या किती रात्री भरल्या या आकड्याने करू लागली. हिशेब सोपा आहे. समजा चाळीस संघ आले, संघामागे पंधरा कुटुंबे, आणि मुक्काम दोन रात्रींचा. बाराशे रात्री भरल्या. हॉटेलवाला दर रात्रीमागे आयोजकाला अमुक इतकी दलाली देतो. मधला आरक्षणवाला आपला वाटा काढतो. गावाला हॉटेलवरचा कर मिळतो. मात्र बाराशे भरावयाच्या तर गळती चालत नाही. कोणी आत्याकडे उतरला, कोणी स्वस्त खानावळ शोधली, की हिशेब फसतो. म्हणून सक्ती. फुटबॉल, बेसबॉल, हॉकी, सगळीकडे हे कलम शिरले, आणि तुमचा मुलगा कोणत्या खोलीत निजला याच्या पावतीवाचून संघाची नोंद पुरी होईना.

पालकांनी कुरकुर केली, वर्तमानपत्रांतून लिहिले, आणि काही प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. त्यांतले सर्वांत गाजलेले चिअरलीडिंगच्या स्पर्धांचे. आपल्या वाचकांना हा खेळ हास्यास्पद वाटेल. पण तेथे तो कसरतीचा कठीण प्रकार समजला जातो व लाखो मुली त्यात असतात. या स्पर्धा भरविणाऱ्या व्हर्सिटी या बलाढ्य कंपनीवर २०२० साली टेनेसीतील संघीय न्यायालयात मक्तेदारीचे दावे दाखल झाले, आणि ठराविक हॉटेलांत उतरण्याची सक्ती हा त्यांतला एक आरोप होता. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण २०२३ साली एका दाव्यात सव्वाचार कोटींहून अधिक आणि २०२४ साली दुसऱ्या दाव्यात सव्वाआठ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यांत गणवेश होते, प्रवेश-फी होती, शिबिरे होती; सगळी रक्कम हॉटेलांच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल. तथापि, खोली ही सुद्धा मक्तेदारीची कडी होऊ शकते, हे वकिलांनी कागदावर आणले.

आयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही खोल्या आधी राखून ठेवतो म्हणून ऐन हंगामात तुम्हांला मिळतात. दलाली मिळते म्हणून प्रवेश-फी आटोक्यात राहते. आणि मुले एका जागी असली की जबाबदारी घेता येते. यातले तिसरे म्हणणे मला सहजी झटकून टाकवत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे शालेय स्पर्धेस गेलेल्या आपल्या संघातील एक मुलगी समुद्रकिनाऱ्यावर बुडून मरण पावली. सामने संपले होते. मुली फिरावयास गेल्या होत्या. खेळाडू मैदानाबाहेर असतो तेव्हा तो कोणाचा असतो, या प्रश्नाला त्या दिवशी नीट उत्तर नव्हते. आणि यजमानाने सर्व काही फुकट द्यावे ही जुनी रीत कोणत्या थराला जाऊ शकते, ते २०२२ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशातील सहारनपूरला दिसले. तेथे कबड्डीच्या राज्यस्पर्धेस आलेल्या मुलींसाठी शिजविलेला भात स्वच्छतागृहात ठेवला होता, आणि मुली तेथून तो वाढून घेत होत्या. चित्रफीत देशभर फिरली, क्रीडाधिकारी निलंबित झाला. अशा यजमानापेक्षा पैसे घेऊन स्वच्छ चादर देणारे हॉटेल शतपटीने बरे, असे एखाद्या आईने म्हटले तर मी तिच्याशी वाद घालणार नाही.

पण मग हॉटेल सुचवा, त्याचे नाव छापा, दर छापा. खोली हवी त्याला द्या. मुलाची जबाबदारी घ्यावयाची तर त्याच्या आईबापांची लेखी संमती घ्या आणि आत्याचा पत्ता वहीत टिपून ठेवा. संघ बाद करण्याची धमकी कशाला लागते? सुरक्षिततेसाठी ती लागत नाही. बाराशे रात्री भरण्यासाठी लागते. क्रीडाग्रामाच्या सक्तीत यजमान स्वतःच्या खिशात हात घालीत होता. या सक्तीत तो पाहुण्याच्या खिशात घालतो. दोन्हींना नाव एकच, ‘निवास-व्यवस्था’. आणि या नामसाम्यावर सारा व्यवहार उभा आहे.

या व्यवहारात खरा बळी कोण जातो ते पाहावे. ज्यांना परवडते ते कुरकुरत पैसे भरतात. ज्यांना परवडत नाही त्यांचा मुलगा संघात असूनही ‘या खेपेस ताप आला’ असे सांगून घरी राहतो. पुतण्याच्या संघातला गोलरक्षक असाच राहिला. त्याचे वडील रिक्षा चालवितात. तीन दिवस रिक्षा बंद, त्यावर खोलीचे भाडे. त्याला ताप नव्हता हे संघातल्या सर्व मुलांना ठाऊक होते, आणि एकाही मुलाने तसे बोलून दाखविले नाही. पूर्वी रेल्वे खेळाडूंना भाड्यात सवलत देई. २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या निमित्ताने इतर अनेक सवलतींबरोबर तीही थांबली. हा मुलगा जेथून येतो तेथे असल्या एकेका दमडीला अर्थ असतो. कोल्हापूरच्या तालमीत त्याला कोणी तापाचे निमित्त सांगावयास लावले नसते.

आम्ही पैसे भरले. नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही, कारण बाद होणार होता तो चौदा मुलांचा संघ. बहिणीने तोवर माळ्यावरची गादी काढून दोन दिवस उन्हात घातली होती. नियम कळवला तरी तिचा त्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन मैदानावर आली. बाहेरचे अन्न आत नेण्यास मनाई होती, तेव्हा पुतण्याने कुंपणापाशी उभे राहून दोन थालीपिठे खाल्ली, उरलेली सोबत्यांना वाटली, आणि शिटी वाजताच तोंड पुसत पळाला. त्या सामन्यात गोलात उभा होता तो नेहमीचा बचावपटू. चार गोल झाले.